सायकलीचा सांगाडा: ॲल्युमिनियम कीं कार्बन?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या भाचीचा मुलगा एका सायकलीची जाहिरात घेऊन माझ्याकडे आला. सायकल वापरलेली होती, परंतु काळ्याभोर, चकचकीत कार्बनची होती. नवी घेतली असती तर जिला लाखाहून अधिक रुपये पडले असते ती त्याला साठ हजारांत मिळत होती. तेवढ्याच पैशांत, किंबहुना थोड्या कमी पैशांत, त्याला दुकानांतून ॲल्युमिनियमची कोरी सायकल घेतां आली असती. त्याच्या मित्रमंडळींत या प्रश्नावर दोन तट पडले होते. एक म्हणे, "कार्बन म्हणजे कांच, एकदां आपटली कीं संपली." दुसरा म्हणे, "ॲल्युमिनियम म्हणजे पत्रा. पांच वर्षांत थकतो." मुलाची आई मात्र एवढेंच म्हणाली, "मामा, तुम्ही जन्मभर मुलांना शास्त्र शिकविलेंत. हा पोरगा भल्या पहाटे अंधारांत खंडाळ्याचा घाट उतरतो. कोणती सायकल घाटांत मोडणार नाहीं तेवढें सांगा."

मीं तो प्रश्न सहज हातीं घेतला आणि मग तो कित्येक दिवस मला सोडीना. पुस्तकें चाळलीं, सायकली दुरुस्त करणाऱ्या दोघां-तिघां कारागिरांना गांठलें, आणि जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें मांडीत आहें. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं अशी एखादी सायकल आज भिंतीला टेकून उभी असेल. कोणाच्या मुलाची, कोणाच्या सुनेची, तर कोणाची स्वतःचीच. तेव्हां हा विषय केवळ शौकिनांचा राहिलेला नाहीं.

आरंभीं एक शब्द नीट पाहिला पाहिजे. 'टिकाऊ' असें आपण सरसकट म्हणतों. परंतु निरनिराळ्या वस्तूंच्या मरणाच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. धोतर टिकतें म्हणजे तें शंभर धुण्यांनीं विरत नाहीं. पितळेचा तांब्या टिकतो म्हणजे तो हातून पडला तर त्याला पोचा येतो, पण तो गळत नाहीं. मातीचें मडकें जपून ठेवलें तर आजोबांपासून नातवापर्यंत चालेल. परंतु एका ठोकरीनें त्याला केसाएवढी चीर गेली तर बाहेरून तें धडधाकट दिसतें आणि पाणी मात्र झिरपून जातें. धोतर मोजून मरतें, मडकें एका घावानें मरतें. ॲल्युमिनियम आणि कार्बन यांमधील भेद पुष्कळसा याच जातीचा आहे. तो ध्यानीं न घेतां 'कोण अधिक टिकाऊ' असा वाद घालणें म्हणजे धोतर आणि मडकें यांची कुस्ती लावणें होय.

प्रथम मोजून मरण्याची गोष्ट घेऊं. हाताशीं पक्कड नसली म्हणजे आपण तार कशी तोडतों? एकदां इकडे वाकवितों, एकदां तिकडे. दहा-पंधरा वेळां असें केलें कीं तार तुटते. एका ओढीनें जी तुटली नसती ती लहान लहान हिसक्यांनीं तुटते. धातूच्या या थकव्याचा अभ्यास रेल्वेनें जगाला करावयास लावला. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडला, डब्यांना आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें प्रशियांतील ऑगस्ट व्होलर नांवाच्या रेल्वे अभियंत्यानें आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले. त्यांतून दिसून आलें कीं पोलादावर येणारा ताण एका ठराविक मर्यादेच्या खालीं ठेवला तर तो कितीही वेळां आला तरी पोलाद तो सोसतें. मर्यादा ओलांडली कीं मात्र प्रत्येक फेरा आयुष्यांतून वजा होऊं लागतो. आपल्या वडिलांच्या काळच्या अठरा-वीस किलो वजनाच्या काळ्या सायकली दोन दोन पिढ्या चालल्या, त्याचें एक मोठें कारण हेंच. त्यांच्या जाड पोलादी नळ्यांवर येणारा ताण या मर्यादेच्या पुष्कळ खालीं राहत असे.

आतां सायकलीवर हे फेरे किती येतात त्याची बेरीज करून पाहा. सराईत सायकलस्वार मिनिटाला सुमारें ऐंशी वेळां पायडल फिरवितो. तासाला झाले ४,८०० फेरे. रोज एक तास सायकल चालविणाऱ्याचे वर्षाला १७,५२,००० फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला फ्रेमवर एकदां डाव्या पायाचा व एकदां उजव्या पायाचा भार पडतो. शिवाय रस्त्यावरील खड्डे, गतिरोधक आणि खडी यांचे दणके वेगळे. तेव्हां सायकलीची फ्रेम म्हणजे रात्रंदिवस वांकविली जाणारी तारच म्हणा ना. फक्त तिचें वांकणें डोळ्यांस दिसत नाहीं.

ॲल्युमिनियमला पोलादासारखी ही निश्चित मर्यादा नाहीं. ताण अगदीं लहान ठेवला तर तें कोट्यवधि फेरे सोसतें. पण वजाबाकी पुरती थांबत अशी नाहीं. या गोष्टीची जगाला आठवण करून दिली ती विमानांनीं. इंग्लंडचें कॉमेट हें जेट इंजिनाचें पहिलें प्रवासी विमान १९५२ सालीं प्रवाशांची ने-आण करूं लागलें. १० जानेवारी १९५४ रोजीं एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ आकाशांत फुटून समुद्रांत पडलें. ८ एप्रिल रोजीं दुसरें नेपल्सजवळ पडलें. फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधनशाळेंत एक अखंड कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकींत बसवून त्याच्या पोटांत दाब भरण्याचा आणि सोडण्याचा प्रयोग अहोरात्र करण्यांत आला. सुमारें तीन हजार उड्डाणांइतका ताण येतांच पोटाचा पत्रा फाटला, आणि फाटण्याचा आरंभ झाला तो पत्र्यांतील एका उघड्या भागाच्या कोपऱ्यापासून. पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. ज्यांनीं तो योजिला ते अडाणी नव्हते. कोपऱ्यांशीं ताण किती सांचतो याचा अंदाज मात्र त्यांचा चुकला होता.

परंतु यावरून ॲल्युमिनियमची सायकल पांच वर्षांत थकते असें अनुमान काढणें अन्यायाचें होईल. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश वजनाचें आहे, पण तें ताठपणांतही पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांशच आहे. म्हणून पोलादी नळीच्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी वापरली तर फ्रेम लवलव वांकेल आणि लवकर थकेल. यावर उपाय गणितानें दिला. पातळ नळीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतें, पण ताठपणा आठपट होतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या मनगटाएवढ्या जाड दिसतात. फ्रेम ताठ झाली कीं ती कमी वांकते. कमी वांकली कीं प्रत्येक फेऱ्याची वजाबाकी अगदीं थोडी होते. अशा रीतीनें चांगल्या कारखानदारानें चांगल्या हिशेबानें बनविलेली ॲल्युमिनियमची फ्रेम सामान्य माणसाच्या हातीं वर्षानुवर्षें खुशाल चालते.

तिचा दुबळेपणा असतो तो सांध्यांशीं. ॲल्युमिनियमचें वेल्डिंग करतांना सांध्याच्या आसपासची धातु मऊ पडते. सायकलींत पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या ६०६१ या मिश्रधातूची फ्रेम जोडल्यावर भट्टींत ठराविक उष्णतेंत तापवून, एकदम थंड करून आणि पुन्हां मंद आंचेवर मुरवून तिचें बळ परत आणावें लागतें. पुढें कधीं तडा गेलाच तर गल्लींतल्या वेल्डरकडून नुसता डाग देऊन भागत नाहीं याचें कारण हेंच. तो जोड दिसतो घट्ट, पण शेजारची धातु मऊ होऊन बसलेली असते. तडा बहुतेक सांध्यांच्या कडेस जातो. हँडलखालच्या आंखूड नळीशीं, पायडलच्या आंसाशीं, किंवा सीटची दांडी जेथें आवळतात तेथें. समाधानाची गोष्ट एवढी कीं हा तडा बहुधा हळूहळू वाढतो. रंगावर केसासारखी काळी रेघ उमटते, कधीं करकर ऐकूं येते. बघणारा असेल तर सायकल त्याला आपलें दुखणें आधीं सांगते.

आतां कार्बनकडे वळूं. गंमत अशी कीं ज्या फार्नबरोमध्यें कॉमेटचें शवविच्छेदन झालें, त्याच संशोधनशाळेंत दहा वर्षांनीं, १९६३-६४ च्या सुमारास, वॅट, फिलिप्स आणि जॉन्सन या संशोधकांनीं बळकट कार्बनचे तंतु तयार करण्याची रीत बसविली. त्यापूर्वीं जपानमध्यें अकिओ शिंदो यांनीं याच मार्गानें पाऊल टाकिलें होतें. कच्चा माल म्हणजे आपल्या स्वेटरांच्या कृत्रिम लोकरीच्याच जातीचा धागा. तो हवेवांचून हजार अंशांहून अधिक उष्णतेंत भाजला कीं इतर द्रव्यें उडून जातात आणि उरतो तो कोळशाचा तंतु. जाडीनें आपल्या केसाचा सुमारें दहावा हिस्सा, पण ओढीला पोलादाला मागें टाकणारा. हे तंतु कृत्रिम राळेंत बसवून त्यांचे थरावर थर साच्यांत घातले आणि उष्णतेनें व दाबानें पक्के केले म्हणजे सायकलीची फ्रेम होते. १९८६ सालीं ग्रेग लेमाँड यानें फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत कार्बनच्या फ्रेमवर जिंकली. तरी पुढें बारा वर्षांनीं, १९९८ सालीं, मार्को पांतानी यानें तीच शर्यत ॲल्युमिनियमच्या सायकलीवर जिंकून दाखविली. म्हणजे कार्बन आला आणि ॲल्युमिनियम गेलें असें झालें नाहीं. आज मात्र मोठ्या शर्यतींत कार्बनचेंच राज्य आहे.

कार्बनचा स्वभाव ध्यानीं घेण्यासाठीं आपला बांबू आठवावा. उभा बांबू घराचें छप्पर पेलतो, पण कोयत्याचा एक घाव नेमका बसला कीं तो उभा चिरत जातो. त्याचे तंतु ज्या दिशेनें धांवतात त्या दिशेनें तो बळकट, आडव्या दिशेनें दुबळा. कार्बनच्या फ्रेमींत हाच दुबळेपणा झांकण्यासाठीं एक थर उभा, एक आडवा, एक तिरपा असे थर घालतात, आणि जेथें भार अधिक तेथें थर अधिक देतात. नीट बनविलेल्या फ्रेमीवर पायडलचे लक्षावधि फेरे झाले तरी तिला धातूसारखा थकवा सहसा येत नाहीं. 'मोजून मरणें' हें दुखणें तिला फारसें नाहीं. एवढ्यापुरता कार्बनचा पक्ष बळकट आहे, आणि तो मोकळ्या मनानें मान्य केला पाहिजे.

तिचें भय आहे तें आडव्या घावाचें. सायकल कोसळून तिची नळी दगडाच्या कोपऱ्यावर आपटली, मोटारीच्या टपावर बांधतांना दोरीनें अवाजवी आवळली, एस.टी.च्या टपावर तिच्यावर कोणी ट्रंक टाकली, किंवा दुरुस्तीच्या वेळीं सीटच्या दांडीऐवजीं नळीलाच चिमट्यांत धरलें, तर आंतले थर एकमेकांपासून सुटतात. धातूला पोचा येतो. तो दिसतो, हाताला लागतो. कार्बन मात्र घाव खाऊन पुन्हां सरळ होऊं शकतो. वरचें व्हार्निश चकाकतच राहतें आणि आंत भेग पडलेली असते. पुढें एखाद्या साध्या खड्ड्यांत ती नळी एकाएकीं दगा देते. याच कारणानें कार्बनच्या सायकलीचे बोल्ट हाताच्या अंदाजानें पिळणें धोक्याचें. किती जोरानें आवळावें याचा आंकडा बहुधा त्या भागावरच छापलेला असतो, आणि तो मोजणारा टॉर्क पाना मिळतो. हा पाना घेण्यास ज्याचा हात आंखडतो त्यानें कार्बनची सायकल घेऊं नये, असें मी स्पष्ट म्हणेन.

मग या दोघांत परीक्षेला कोण उतरलें? १९९७ सालीं जर्मनींतील 'टूर' या सायकल-मासिकानें बारा उंची फ्रेमी यंत्रावर चढविल्या आणि पायडलचा कृत्रिम भार लक्षावधि वेळां देऊन पाहिला. शेवटपर्यंत तीनच अभंग राहिल्या. त्यांपैकीं दोन ॲल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. बाकीच्या नऊ आधींच तडकल्या; त्यांत पोलाद होतें, टायटॅनियम होतें आणि ॲल्युमिनियमही होतें. ज्या धातूला थकव्याची मर्यादा आहे ती हरली आणि जिला ती नाहीं ती जिंकली, हें कसें? पोलादी फ्रेम हलकी करण्याच्या नादांत तिच्या नळ्या इतक्या बारीक झाल्या होत्या कीं ताण मर्यादेच्या वर गेला. ॲल्युमिनियमच्या ज्या फ्रेमी जगल्या त्यांचा हिशेब आणि सांधेकाम चोख होतें. तात्पर्य, द्रव्यापेक्षां घडविणाऱ्याच्या हाताला अधिक महत्त्व आहे. हलकेपणाच्या हव्यासानें कोणतेंही द्रव्य दुबळें करतां येतें. आज सायकलींसाठीं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा क्रमांक आयएसओ ४२१०. त्यांत फ्रेमला पायडलचा जड भार १,००,००० वेळां सोसावा लागतो. सायकल घेतांना रंगाची चौकशी करण्याआधीं या क्रमांकाची चौकशी करावी. स्वस्तांत मिळणाऱ्या नकली कार्बनच्या फ्रेमींवर नामांकित नांवें सुबक रंगविलेलीं असतात. आंतले थर कसे बसविले आहेत हें कोणालाही दिसत नाहीं.

पण यंत्रावर फ्रेम पडत नाहीं, रस्त्यावर पडते. यासाठीं दुसरें एक उदाहरण सांगतों. एप्रिल २००६ मध्यें फ्रान्समधील पॅरिस-रुबे या शर्यतींत, जिचा बराच भाग फरसबंदी दगडांच्या रस्त्यावरून जातो, जॉर्ज हिनकॅपी हा अमेरिकन स्वार आघाडीच्या मंडळींत होता. एकाएकीं त्याचें हँडल सायकलीपासून सुटून त्याच्या हातांतच राहिलें, आणि तो खाली आदळून खांद्याला दुखापत झाली. सायकल कार्बनची होती. परंतु तुटली ती फोर्कची वर हँडलाकडे जाणारी दांडी, आणि ती ॲल्युमिनियमची होती. त्याच शर्यतींत काहीं वेळापूर्वीं तो एकदां पडला होता. या एका प्रसंगांत दोन्ही पक्षांना धडा आहे. एक असा कीं पडल्यानंतर 'कांहीं झालें नाहीं' असें म्हणून पुढें निघणें हा विश्वास नव्हे, जुगार आहे. दुसरा असा कीं 'कार्बनची सायकल' किंवा 'ॲल्युमिनियमची सायकल' हें केवळ बोलण्यापुरतें आहे; एकाच सायकलींत दोन्ही द्रव्यें नांदत असतात, आणि जीव जातो तो सर्वांत दुबळ्या दुव्यापाशीं.

दोन्ही द्रव्यें एकत्र नांदतात, पण त्यांचें नेहमींच जमतें असें नाहीं. ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांस टेकून असतील आणि मध्यें खारें पाणी शिरलें तर तेथें एक लहानशी विद्युत्-घटमाला तयार होते आणि झिजतें तें ॲल्युमिनियम. मुंबईची अथवा कोंकण किनाऱ्याची खारी हवा, आणि उन्हाळ्यांत हँडलावर व नळीवर ठिबकणारा आपला घाम, हीं दोन्ही या कामास पुरेशीं आहेत. कार्बनच्या फ्रेमींत घातलेली ॲल्युमिनियमची सीट-दांडी वर्षानुवर्षें न काढतां ठेवली तर ती आंत गच्च रुतून बसते. चांगले कारखानदार मध्यें कांचतंतूंचा थर देतात. आपण वर्षांतून एक-दोनदां दांडी काढून पुसावी आणि योग्य तो लेप लावून पुन्हां बसवावी. कार्बनच्या राळेला कडक उन्हाचाही त्रास होतो. तें सोसण्यासाठींच वर रंग आणि व्हार्निश असतें. तेव्हां तें खरवडलें गेलें तर उघडें राहूं देऊं नये, आणि सायकल गच्चीवर उन्हांत वाळत घालूं नये.

एवढी तयारी झाल्यावर एका रविवारीं मी आणि तो मुलगा, जाहिरातींतली ती सायकल पाहावयास गेलों. विकणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांनीं चहा दिला आणि सायकल कधींही पडलेली नाहीं असें सांगितलें. मीं खिशांतून एक रुपयाचें नाणें काढलें आणि नळ्यांवर हलके हलके वाजवूं लागलों. बाजारांत मडकें घेतांना आपल्या आया-आज्या तें वाजवून घेत, तसेंच. पक्क्या कार्बनचा आवाज खणखणीत येतो. थर सुटलेले असले तर बद्द येतो. जेथें भिंत जाड किंवा आंत जोड असतो तेथें आवाज मुळांतच बदलतो, म्हणून डावी बाजू नेहमीं उजवीशीं ताडून पाहावी. मीं तसें पाहिलें. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या डाव्या नळीवर अंगठ्याएवढ्या जागीं आवाज बद्द येत होता; उजवीकडे त्याच जागीं येत नव्हता. प्रकाशांत तिरपें धरून पाहतां तेथील व्हार्निश किंचित् निराळें चमकत होतें.

त्या गृहस्थांना हें दाखविलें तेव्हां ते ओशाळले नाहींत, गोंधळले. त्यांनींही ती सायकल दुसऱ्या कोणाकडून वापरलेलीच घेतली होती. ते माझ्यापाशीं खोटें बोलले नव्हते. सायकलीचा पूर्वेतिहास त्यांनाही ठाऊक नव्हता. नाण्याची परीक्षा ही शेवटली परीक्षा नव्हे. ध्वनिलहरींच्या यंत्रानें नळी तपासली तर आंतील भेग खरी कीं खोटी तें कळतें, आणि कुशल कारागीर कार्बनची नळी दुरुस्तही करूं शकतो. पण त्या खर्चानें साठ हजारांचा सौदा स्वस्त राहिला नसता. परत येतांना मुलगा चिडून म्हणाला, "आजोबा, ती तुटेलच असं तुम्ही सांगू शकता का?" मी म्हणालों, "नाहीं सांगूं शकत. तुटणार नाहीं असेंही सांगूं शकत नाहीं. आणि घाटांत तुझ्या आईला तें दुसरें वाक्य हवें आहे." त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशीं बोलला नाहीं.

शेवटीं त्यानें ॲल्युमिनियमची नवी सायकल घेतली. पण म्हणून मी ॲल्युमिनियमला विजयी ठरवीत नाहीं. ज्याला नव्या कार्बनचा पैसा परवडतो, जो सायकल स्वतःच्या हातानें हाताळतो, टॉर्क पाना बाळगतो, आणि पडल्यावर सायकल जाणत्याकडून तपासून घेण्याइतका धीर धरतो, त्याला कार्बन दीर्घकाळ निष्ठेनें सेवा देईल, आणि ती सेवा हलकी व सुखाची असेल. ज्याची सायकल जिन्याखालीं चार सायकलींच्या गर्दींत उभी राहते, घरांतील तिघे चालवितात, रेल्वेच्या पार्सलांत व एस.टी.च्या टपावर जाते, त्याला ॲल्युमिनियम बरें. कारण तिच्यावर आलेलें संकट बहुधा डोळ्यांना दिसेल. आणि वापरलेली सायकल घ्यावयाची झाल्यास, जिचा इतिहास ठाऊक नाहीं अशी कार्बनची सायकल तपासणीवांचून मुळींच घेऊं नये. ॲल्युमिनियमची घेतांना प्रत्येक सांधा उजेडांत नेऊन पाहावा. टिकाऊपणाचा प्रश्न 'किती वर्षें' असा विचारूं नये. 'ही वस्तु कशी मोडेल, आणि मोडण्यापूर्वीं मला सांगेल काय' असा विचारावा. माझ्या भाचीनें तो तसाच विचारला होता. तिला मिश्रधातु ठाऊक नव्हते, पण आपला मुलगा घाट उतरतो हें ठाऊक होतें.

नवी सायकल घरीं आल्यावर त्या मुलानें मला हंसत हंसत पुढचा फोर्क दाखविला. तो कार्बनचा होता. आजकाल ॲल्युमिनियमच्या पुष्कळ सायकलींना हा फोर्क असाच येतो, कारण तो हलका असून रस्त्याची थरथर कांहींशी गिळतो. म्हणजे ज्या द्रव्याला आम्हीं दारांतून परत पाठविलें होतें तें खिडकींतून आंत आलेंच. तेव्हां मीं त्याला एक नियम घालून दिला, आणि तोच आपणांसही सांगतों. रविवारीं सायकल स्वतः धुवावी. मऊ फडक्यानें, प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवीत. धातूवर रेघ दिसते काय, कार्बनवर आडवी चीर किंवा अंगठ्यानें दबणारी जागा आहे काय, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतो काय, एवढें पाहावें. पडल्यास तेंच त्याच दिवशीं पाहावें. याला पंधरा मिनिटें लागतात.

मागच्याच महिन्यांत त्याचा मोठ्या घाईनें फोन आला, "आजोबा, हँडलखाली काळी रेघ दिसतेय." मी म्हणालों, "नखानें खरवडून पाहा." क्षणभर शांतता झाली आणि मग तिकडून हंसण्याचा आवाज आला. चिखल होता. पण त्यानें ती रेघ पाहिली होती, आणि पाहिल्यावर तो सायकलीवर चढला नव्हता. त्या रात्रीं त्याच्या आईला मीं एवढेंच कळविलें कीं आतां कोणतें द्रव्य आहे याची फारशी काळजी करूं नकोस.